पावती सभासदाला, फारम वरून

जिल्हा परिषदेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तहसीलबाहेर कडूलिंबाखाली इच्छुक मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, "आला का बे फारम?" फारम म्हणजे एबी फॉर्म, पक्षाची अधिकृत उमेदवारी. विश्रामगृहावरच्या मुलाखतीत तिघांना 'कामाला लागा' सांगितलेलं असतं आणि फारम कधीकधी चौथ्याच्याच नावाने उतरतो.

गंमत अशी, की सामान्य माणसाला पक्षात दार उघडलं ते विदर्भातच. डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. चार आणे भरा, पावती घ्या, सभासद व्हा. खाली तालुका आणि जिल्हा समित्या, वर भाषेनुसार प्रांतिक समित्या. वऱ्हाडाची समिती वेगळी, नागपूरकडच्या मराठी मध्य प्रांताची वेगळी. तोवर वकिलांची वार्षिक सभा असलेला पक्ष खेड्यात शिरला तो या पावती पुस्तकामुळे. 1924 साली बेळगावला चार आण्यांऐवजी महिन्याला 2000 यार्ड सूत मागितलं गेलं. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातही चरख्यावर एवढं सूत काढणं सोपं नव्हतं. वर्षभरात ती सक्ती गेली.

पण पावतीचं वजन किती, हे जुलै 1938 मध्ये कळलं. मध्य प्रांताचे मुख्यमंत्री ना. भा. खरे हे काँग्रेसच्या आमदारांनी निवडलेले नेते. महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातल्या मंत्र्यांशी बिनसलं, तेव्हा त्यांनी श्रेष्ठींना न विचारता राज्यपालांमार्फत मंत्रिमंडळ बदललं. कार्यसमिती वर्ध्यात बसली, खऱ्यांना पायउतार व्हावं लागलं आणि रविशंकर शुक्ल आले. खऱ्यांची चाल सरळ नव्हती, हे मान्य. तरी निवडणारे खालचे आणि उतरवणारे वरचे, ही रीत तेव्हाच पडली असं मला वाटतं.

पुढचं थोडक्यात. 1972 नंतर काँग्रेसच्या संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट 1992 मध्ये. 2014-15 मध्ये भाजपने मिस्ड कॉलवर सभासद केले. सभासद होणं सोपं होत गेलं, फारम मात्र होता तिथेच राहिला.

अपवाद एकच, आणि तोही वर्ध्याचा. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने ठरवायचा प्रयोग केला, त्यात वर्धा होतं. मतदार कोण? पदाधिकारी आणि पक्षाचे आजी-माजी लोकप्रतिनिधी. नुसती पावती असलेला कास्तकार बाहेरच. तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. तिकीट मतांनी मिळालं खरं, पण आधीच ज्याच्या मागे माणसं आहेत त्यालाच अशी मतं पडतात. लोकसभेला भाजपचे रामदास तडस निवडून आले आणि काही आठवड्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

2019 मध्ये वर्ध्याची उमेदवारी टोकस यांना मिळाली. या वेळी मतपेटी नव्हती, नाव दिल्लीच्या यादीत आलं.