पार्श्वभूमी : चीनमधले बदलते शिष्टाचार

चिनी शिष्टाचाराचा विषय निघाला की कन्फ्यूशियसचं नाव आधी येतं, आणि ते रास्तच आहे. त्याच्या परंपरेत 'ली', म्हणजे विधी आणि वागण्याची रीत, हा राज्यकारभाराचाच पाया होता. सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊ वेळा कपाळ जमिनीला लावायचं. १७९३ मध्ये ब्रिटिश दूत मॅकार्टनी यांनी याला नकार दिला, तो वाद प्रसिद्धच आहे. १८७३ मध्ये परदेशी दूतांनी तेव्हाच्या सम्राटाला नुसतं वाकून अभिवादन केलं.

खरी उलथापालथ १९१२ ची. राजेशाही गेली आणि नव्या प्रजासत्ताकाचे नेते सुन यत्‌-सेन यांच्या हंगामी सरकारने अधिकाऱ्यांना 'दारेन' (महामहिम), 'लाओये' (मालक) म्हणणं बंद केलं. यापुढे पदनाम किंवा साधं 'श्येनशंग', म्हणजे श्रीयुत, पुरे, असा तो हुकूम होता. त्याच वर्षी लोटांगणाऐवजी टोपी काढून वाकण्याची पद्धत कायद्यात आली. माणसाने माणसापुढे कपाळ टेकू नये, हे सरकारी कागदावर येणं मला फार मोठं वाटतं.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि सगळेच 'थोंगची', म्हणजे कॉम्रेड झाले. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) जुन्या चालीरीतींवरच हल्ला झाला. अदबीने बोलणं म्हणजे सरंजामी खूण, असा संशय घेतला जाई.

ती जखम खोल होती, म्हणून तर १९८१ मध्ये सरकारला सौजन्य शिकवण्याची देशव्यापी मोहीम काढावी लागली. 'नमस्कार, कृपया, माफ करा, धन्यवाद, पुन्हा भेटू' हे शब्द, चिनी लिपीत मिळून अवघी दहा अक्षरं, लोकांच्या तोंडी बसवायची होती. दुकानदार-गिऱ्हाइकात ते शब्द रुळले. घरात मात्र 'श्येश्ये', म्हणजे धन्यवाद, म्हणणं आजही अनेकांना परकेपणाचं वाटतं. घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, ही भावना आपल्यालाही समजावून सांगावी लागत नाही.

पुढे बाजारपेठ खुली झाली आणि हाक मारण्याचे शब्द भराभर बदलले. तरुणीसाठीचा 'श्यावच्ये' हा शब्द १९९० च्या दशकात देहविक्रयाशी जोडला गेला. मग अनोळखी मुलीला 'मेइन्यू', म्हणजे सुंदरी, अशी हाक सर्रास ऐकू येऊ लागली. २००७ मध्ये ऑलिम्पिकच्या तयारीत बीजिंगने दर महिन्याची ११ तारीख 'रांगेचा दिवस' ठरवली. ११ मधले दोन एक म्हणजे एकामागे एक उभी माणसं.

कम्युनिस्ट पक्षाने २०१६ मध्ये सदस्यांना पुन्हा बजावलं, एकमेकांना 'थोंगची'च म्हणा. तोवर समलिंगी समुदायाने तोच शब्द स्वतःसाठी घेतला होता.