रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखतंय ते खरंच

रात्री दोनला छातीत कळ येते, श्वास अडकतो, घरचे घाबरून इमर्जन्सीत नेतात, ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि मग ऐकायला मिळतं, "काही नाही झालंय, टेन्शन घेऊ नका." पंधरा दिवसांनी तोच माणूस परत त्याच दारात. मला हे वाक्य फार लागतं, कारण तपासण्या करायलाच हव्यात, पण त्या नॉर्मल आल्या म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

कॅनडात हॅलिफॅक्सला डलहौसी युनिव्हर्सिटीचे सायकियाट्रिस्ट ॲलन अब्बास आणि त्यांच्या टीमने अशा पेशंटना इमर्जन्सीतून थेट 'इंटेन्सिव्ह शॉर्ट-टर्म डायनॅमिक सायकोथेरपी' या थोड्या सेशनच्या, बोलून करायच्या थेरपीकडे पाठवलं. 2009 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात 50 पेशंट होते, सरासरी 3.8 सेशन झाली, बस एवढीच, आणि पुढच्या वर्षात इमर्जन्सीच्या फेऱ्या 69 टक्क्यांनी उतरल्या.

थेरपीची ही पद्धत मूळ मॉन्ट्रियलचे सायकियाट्रिस्ट हबीब दावानलू यांची, ते सेशनचे व्हिडिओ काढून परत परत बघायचे. यात थेरपिस्टचं लक्ष बोलण्याइतकंच शरीरावर असतं. समजा पेशंट भावाशी झालेल्या भांडणाबद्दल सांगतोय, आवाज अगदी शांत, "मला काही वाटत नाही हो" म्हणतोय, पण अंगठा मुठीत गेलाय आणि दर मिनिटाला खोल उसासा येतोय. म्हणजे दाबलेल्या रागाचा ताण हात, मान, छातीच्या स्नायूंमध्ये चाललाय, आणि छाती तिथूनच आवळते. काहींचे हात मात्र सैल, उसासा नाही, आणि पोटात कळा येतात, कारण त्यांचा ताण आतड्याच्या स्नायूंवर जातो. आपण पोटात गोळा आला म्हणतो ना, ते उगाच नाही. थेरपिस्ट तिथेच थांबवून विचारतो, आत्ता भावाबद्दल नेमकं काय वाटतंय? राग, त्यामागचं प्रेम, अपराधीपणा असं सगळं वर आलं, रडू आलं, की कधीकधी खुर्चीत बसल्याबसल्याच छाती मोकळी होते, आणि आपलं दुखणं कशाला जोडलंय हे पेशंटला स्वतःच्या अंगात कळतं.

अब्बास यांचा तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय थेरपीला देता येत नाही, लोक दवाखान्यात येतात तेच त्रास टोकाला गेल्यावर आणि काही जण नंतर आपोआपही सावरतात. पण थेरपीला पाठवलेले आणि कधी न आलेले पेशंटही त्यांनी तुलनेला घेतले होते, त्यांच्या फेऱ्या काही एवढ्या कमी झाल्या नाहीत.