तात्पुरती कवळी कोणीही बसवली तर चालते का?

कवळी घडवणारा तंत्रज्ञच ती बसवून देतो आणि तात्पुरत्या कवळीला तर डॉक्टरांची गरजच नसते, हा समज आपल्याकडे अनेक वर्षे टिकून आहे; कायद्याला मात्र तो मान्य नाही. भारतातील १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने डेंटल मेकॅनिकची, म्हणजे या तंत्रज्ञाची, व्याख्या कवळी बनवणारी किंवा दुरुस्त करणारी व्यक्ती अशी केली. कवळी रुग्णाच्या तोंडात बसवणे हे नोंदणीकृत दंतवैद्याचे काम आहे, मग ती तात्पुरती असो वा कायमची. या समजाचे मूळ बहुधा त्याच कायद्यात असावे, कारण पदवी नसूनही आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांची नोंद त्याने दंतवैद्यांच्या नोंदवहीच्या ‘भाग ब’मध्ये होऊ दिली होती. (कॅनडात डेन्चरिस्ट, म्हणजे रुग्णाला थेट कवळी बनवून बसवून देणारा, हा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय आहे, पण तो नियम इथे लागू नाही.)

खरे तर अधिक देखरेख तात्पुरत्या कवळीलाच लागते: दात काढल्यावर ती लगेच बसवली जाते, पुढील काही महिन्यांत जबड्याचे हाड झिजते, कवळी सैल होऊन हिरडीला घासू लागते, आणि तिला आतून नवा थर द्यायचा की कायमच्या कवळीसाठी माप घ्यायचे, हे तोंड तपासूनच ठरवावे लागते. तंत्रज्ञाचे कौशल्य यात गौण नाही. दातांची मांडणी आणि ॲक्रिलिकचे काम बहुतेक वेळा त्याच्याच हातचे असते.