बोर्ड जाळतो कोण, अँपिअर की व्होल्ट?

"काका, माझ्या अडॅप्टरवर २ अँपिअर लिहिलंय. बोर्ड जळेल का?" शेजारचा नववीतला मुलगा विचारत होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तो कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र करत होता. त्याचं डोकं म्हणजे प्रोग्रामवर चालणारा एक छोटा सर्किट बोर्ड. त्याच अडॅप्टरवर '१२ व्होल्ट' असंही लिहिलं होतं. त्याबद्दल मात्र त्याला काहीच वाटत नव्हतं. घोळ नेमका इथेच होतो.

अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टरची ऐपत. टाकी हजार लिटरची असली तरी तांब्यात तांब्याएवढंच पाणी मावतं. बोर्डही लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. व्होल्टचं तसं नाही. तो दाब, आणि तो अडॅप्टर ठरवतो.

त्याच्याकडे आर्डुइनो उनो आर३ हा बोर्ड होता. त्याच्या गोल सॉकेटला ७ ते १२ व्होल्ट द्यावेत, अशी शिफारस आहे. मुख्य चिप मात्र चालते ५ व्होल्टवर. मग वरचे व्होल्ट जातात कुठे? अख्ख्या बोर्डावर मला सगळ्यात आवडणारी जागा हीच.

सॉकेटजवळ नखाएवढी काळी चिप असते, लिनियर रेग्युलेटर. तिच्यातला ट्रान्झिस्टर स्वतःला घट्ट-सैल करणाऱ्या तोटीसारखा वागतो. बाहेर पडणारा व्होल्टेज आतल्या ठरावीक व्होल्टेजशी सतत ताडून पाहिला जातो. जरा वाढला की तोटी आवळायची, घटला की सैल करायची. अडवलेल्या दाबाची होते निव्वळ उष्णता. हिशेब करू. सॉकेटमागचा डायोड उलट जोडणीपासून वाचवतो आणि त्याबदल्यात सुमारे ०.७ व्होल्ट खातो. १२ मधून ०.७ आणि ५ वजा केले की उरले ६.३. प्रवाह ०.३ अँपिअर धरला तर (व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट) जवळजवळ १.९ वॉट त्या नखाएवढ्या चिपवर तापतात. बोर्डाच्या कामी येतात फक्त १.५! तोच अडॅप्टर ९ व्होल्टचा असता तर उष्णता १ वॉटवर आली असती. मग थेट ५ व्होल्टच का देऊ नयेत त्या सॉकेटला? कारण रेग्युलेटरला स्वतःला सव्वाएक व्होल्टची मोकळीक लागते. ती आणि डायोडचा वाटा ५ मध्ये मिळवा, ७ च्या आसपास पोचाल.



या मुलाच्या यंत्रात पाण्याची तोटी फिरवायला सर्व्हो मोटर होती, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर. ती फिरली की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तो दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधत होता. मी त्याला रेग्युलेटरजवळ बोट न्यायला सांगितलं. त्याने चटकन मागे घेतलं. फार तापला की रेग्युलेटर स्वतःच बंद होतो, निवला की परत चालू. बिचारा प्रोग्राम निर्दोष होता.

'५ व्होल्ट' लिहिलेल्या पिनेला मात्र असा राखणदार नाही. तिथून आत शिरलेला व्होल्टेज थेट मुख्य चिपवर जातो, आणि त्या चिपची कमाल सहनशक्ती ६ व्होल्ट. तिथे १२ जोडले तर खेळ संपला.

शेवटी बोर्ड यूएसबीवर ठेवला आणि मोटरला ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर दिला. तरी मोटर अंगात आल्यासारखी थरथरू लागली. बोर्ड आणि मोटरचा अडॅप्टर या दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची टोकं, एकमेकांना जोडायचे राहिले होते. ती एक वायर लावली आणि पाण्याची तोटी मुकाट्याने फिरली.