पार्श्वभूमी : ब्रिटिश मोटार उद्योग कसा ढासळला

भारतात दिसणाऱ्या एमजी गाड्यांचं नाव आज शांघायच्या साईक कंपनीच्या मालकीचं आहे आणि जॅग्वार-लँड रोव्हर २००८ पासून टाटांकडे आहे. एकेकाळी ही सगळी नावं ब्रिटिश लेलँड या एकाच कंपनीची होती. १९५० साली मोटारींच्या निर्यातीत जगात पहिला असलेला ब्रिटन एवढा मागे पडला, याचं खापर बहुधा संपकरी कामगारांवर फुटतं. संप झाले, भरपूर झाले. पण दुखणं त्याआधीचं होतं आणि ते वरच्या खुर्च्यांत होतं.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या हाडवैरी कंपन्या एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. (आपली अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली.) विक्रेते मात्र वेगळेच राहिले. त्यांना सांभाळण्यासाठी एकच गाडी कधी ऑस्टिन, कधी मॉरिस, कधी वूल्सली म्हणून विकली जाई. १९५९ ची मिनी ही अ‍ॅलेक इसिगोनिस यांची खरी करामत. इंजिन आडवं, त्याच्या पोटातच गिअरबॉक्स, त्यामुळे जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं मावायची. किंमत ठेवली ४९६ पौंड. फोर्डच्या अभियंत्यांनी ती पूर्ण सुटी करून हिशेब मांडला, तर गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा निघाला. इतक्या गुणी गाडीतून पुढच्या गाड्यांसाठी पैसा उभा राहू नये, हे मला कुठल्याही संपापेक्षा गंभीर वाटतं.

१९६८ मध्ये हॅरॉल्ड विल्सन सरकारच्या आग्रहानं ही कंपनी ट्रक-बस बनवणाऱ्या लेलँडमध्ये विलीन झाली आणि ब्रिटिश लेलँड जन्मली. सूत्रं लवकरच डोनाल्ड स्टोक्स यांच्याकडे आली. ट्रक-बस विकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण इथे रोव्हर आणि ट्रायम्फ या घरच्याच गाड्या एकमेकींचं गिऱ्हाईक पळवत होत्या. कारखाने कमी करण्याचा कटू निर्णय लांबत गेला. १९७३ ची अ‍ॅलेग्रो तर जवळपास चौकोनी स्टिअरिंग घेऊन बाजारात उतरली. १९७५ मध्ये सरकारलाच कंपनी ताब्यात घ्यावी लागली. १९७७ मध्ये आलेल्या मायकेल एडवर्ड्स यांनी कारखाने बंद केले, होंडाशी करार केला. तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

त्यानंतर १९८८ मध्ये ब्रिटिश एरोस्पेस, १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, आणि २००० मध्ये चार ब्रिटिश व्यावसायिकांनी रोव्हर (ब्रिटिश लेलँडचं नंतरचं नाव) अवघ्या १० पौंडांत घेतली. नवी छोटी गाडी घडवायला पैसा नव्हता, म्हणून २००३ मध्ये पुण्यात बनलेली टाटा इंडिका सिटीरोव्हर नावानं तिकडे विकली गेली. एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली आणि सुमारे ६,००० जणांची नोकरी गेली. हे चौघे आणि त्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मिळून पगार-पेन्शनपोटी सुमारे ४.२ कोटी पौंड घेतल्याचं २००९ च्या सरकारी चौकशी अहवालातून समोर आलं.