स्थायूंमधील रेणूंची रचना

स्थायू अवस्थेत पदार्थाचे कण, म्हणजे रेणू, अणू किंवा आयन (विद्युतभार असलेले अणू), एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सहजी शेजारी बदलता येत नाही. त्यामुळेच स्थायूला स्वतःचा आकार असतो आणि तो दाबून फारसा लहान होत नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रांत हे कण ओळीत निमूट बसलेले दिसतात, आणि गैरसमज रुजतो तो तिथेच. कणाची जागा ठरलेली असते, पण त्या जागी तो सतत थरथरत असतो. नेहमीच्या तापमानाला सेकंदाला दहा लाख कोटींच्या घरात कंपने होतात. −२७३.१५° से. या निरपेक्ष शून्य, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानालाही ही थरथर पूर्ण थांबत नाही.

मिठाचा दाणा भिंगाखाली धरला तर त्याच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतात. आतली मांडणीही तशीच चौकोनी आहे : प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, लगतच्या दोघांत सुमारे ०.२८ नॅनोमीटर अंतर. एक मिलिमीटर लांबीच्या कडेवर असे जवळपास ३५ लाख आयन ओळीने येतात. मिठात सुटा असा रेणू नसतोच, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. साखर, बर्फ, आयोडीन यांच्या स्फटिकांत मात्र खरेखुरे रेणू रचलेले असतात. अशी रचना अंदाजाने मानली जात होती. १९१२ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फोन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवून तिचा पुरावा मिळवला. पाठोपाठ विल्यम हेन्री व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी अणूंच्या जागा मोजण्याची रीत घालून दिली. त्यासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पदार्थ कशाचा बनला आहे याइतकेच तो कसा रचला आहे हेही महत्त्वाचे असते. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही निव्वळ कार्बन. हिऱ्यात प्रत्येक अणू चार बाजूंनी बळकट बंधांनी जखडलेला असतो. ग्राफाइटमध्ये अणूंचे सपाट थर एकमेकांवर सैलसर पडलेले असतात, म्हणून ते सहज सरकतात आणि पेन्सिलीचा कागदावर ठसा उमटतो.

बर्फाची गोष्ट याहून नवलाची. त्यात पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी (एका रेणूतील हायड्रोजन व शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील ओढीने) नेमक्या चार शेजाऱ्यांना धरतो आणि मध्ये पोकळी राहते. बर्फ वितळताना ही जाळी ढासळते व रेणू जास्त दाटीने बसतात. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच. बहुतेक पदार्थांत याच्या उलट घडते.

तापवल्यावर कणांची कंपने वाढतात. दोन कणांना जवळ दाबणे अवघड, पण दूर ओढणे त्या मानाने सोपे. म्हणून कंपने मोठी झाली की त्यांच्यातले सरासरी अंतर वाढते आणि स्थायू प्रसरण पावतो. कंपनाचा झोल शेजाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दहाव्या हिश्शाला पोचला की रचना मोडून पदार्थ वितळतो, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनच्या रेणूंमधील ओढ मुळात दुबळी असते. त्यामुळे पृष्ठभागावरचे रेणू न वितळताच हवेत निसटतात व गोळी दिवसेंदिवस झिजते. याला संप्लवन म्हणतात.

काचेत अशी दूरवर जाणारी शिस्त नसते. लगतचे अणू ठराविक अंतरावर असतात, पण थोडे पुढे गेले की नक्षी हरवते. सगळे बंध सारख्या ताकदीचे नसल्याने काच एका तापमानाला वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते.

स्फटिकही निर्दोष नसतात. काही जागा रिकाम्या असतात आणि शेजारचा कण अधूनमधून तिथे उडी घेतो. स्थायूतही कण असे जागा सोडून सरकू शकतात. १८९६ मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी शिशाच्या कांडीच्या एका टोकाला सोने ठेवून, ते न वितळलेल्या शिशातून किती पसरत गेले हे मोजून दाखवले.