तुमचं टोकन घरी न्या
डिजिटल सही आणि ऑनलाइन व्यवहारांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ऑफिसच्या कपाटात बिस्किटांचे दोन डबे आहेत. आत बिस्किटं नाहीत, तुमची टोकनं आहेत, म्हणजे डिजिटल सही करायला संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी उपकरणं. प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव, आणि काहींवर चक्क पासवर्ड. "राहू द्या तुमच्याकडेच, सारखं लागतंच," म्हणून तुम्ही विश्वासाने ठेवून जाता. विश्वासाबद्दल आभार, पण हे डबे आता रिकामे करायचं ठरवलं आहे.

कारण कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 5 मुळे डिजिटल सहीला हाताने केलेल्या सहीचा मान मिळाला, हे बहुतेकांना माहीत असतं. कलम 42 मात्र कुणी वाचत नाही. ते म्हणतं की टोकनमधली 'खासगी की', म्हणजे सहीची गुप्त डिजिटल किल्ली, सांभाळणं ही ज्याची सही त्याची जबाबदारी. ती दुसऱ्याच्या हाती लागली तर डिजिटल सहीचं प्रमाणपत्र (सही कुणाची ते सांगणारी डिजिटल नोंद) देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवायचं, आणि कळवेपर्यंत जे होईल त्याला जबाबदार तुम्हीच. टोकन आणि पासवर्ड एकत्र ठेवून जाणं म्हणजे सगळ्या चेकबुकवर सह्या करून ते दुसऱ्याच्या टेबलावर ठेवणं. दुसरीकडे, कुणाची सही लबाडीने वापरली तर कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा डबे रिकामे करण्यात आमचाही स्वार्थ आहे, हे लपवत नाही.

यापुढे तुम्ही टोकन घेऊन या, पासवर्ड स्वतः टाका, काम झालं की टोकन खिशात. ज्यांची एकट्याची मालकी आहे त्यांना जीएसटी रिटर्नसाठी टोकन लागतही नाही, मोबाइलवरच्या ओटीपीवर काम होतं. कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांना मात्र डिजिटल सहीशिवाय पर्याय नाही.

आता ही सही होते कशी, ते थोडक्यात. सही करताना संगणक सगळ्या फाइलचा हिशेब करून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो, त्याला हॅश म्हणतात. टोकनमधली खासगी की तो आकडा कुलूपबंद करते. ही की टोकनबाहेर कधी येत नाही. समोरचा माणूस तुमच्या प्रमाणपत्रातल्या 'सार्वजनिक की'ने (त्याच जोडीतली, सगळ्यांना दिसणारी किल्ली) तो आकडा उघडतो आणि फाइलचा हिशेब पुन्हा करून ताडून पाहतो. मधे कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी आकडे जुळत नाहीत. म्हणून कागदावर सही करून स्कॅन केलेलं चित्र पीडीएफमध्ये चिकटवलं, की ती डिजिटल सही होत नाही. तसंच, डिजिटल सही केलेल्या फाइलची प्रिंट काढली की सही तपासायची सोय संपली. मूळ फाइल जपा, प्रिंट कितीही असू द्या.

पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की तुमचे फोन सुरू होतात. सही खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा तुमच्या संगणकाला त्या प्रमाणपत्रामागच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नसते. ती एकदा करून दिली की हिरवी खूण येते. फाइल घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही.

टोकनचा पासवर्ड चुकीचा टाकत बसू नका. ठरावीक वेळा चुकला की ते लॉक होतं. मग ते फॉरमॅट करून कोरं केलं की आतलं प्रमाणपत्र गेलं, मग नवीन विकत घ्यावं लागतं.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे. वडील वारल्यावर त्यांचं टोकन घेऊन "एवढं एक रिटर्न तेवढं करून द्या" म्हणणारी मुलं आमच्याकडे आली आहेत. तसं करता येत नाही. प्रमाणपत्र माणसाबरोबर संपतं, वारसाला मिळत नाही. कलम 37 प्रमाणे मृत्यूचं कळवून ते रद्द करून घ्यायचं असतं. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राने नवी सही होत नाही, पण मुदतीत केलेल्या जुन्या सह्या त्यामुळे बाद होत नाहीत.

आधार ओटीपीवर होणारं ई-साइनही कायदेशीर आहे. त्यात टोकन नसतं. त्या एका सहीपुरती की तयार होते आणि लगेच नष्ट केली जाते. एखाद्या करारापुरती सही हवी असेल तर उगाच टोकन घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. मृत्युपत्र आणि ट्रस्ट मात्र या कायद्याच्या बाहेर आहेत, तिथे शाईचीच सही लागते. मुखत्यारपत्राचंही बहुतांशी तेच. आणि सही डिजिटल केली म्हणून मुद्रांक शुल्क चुकत नाही.

"सही कुठे केली, नुसता मेल तर केला होता," असंही ऐकतो. कलम 10अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा केवळ ईमेलवर ठरला होता, रीतसर करारावर सह्या नव्हत्या. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने तो करार झाल्याचं मान्य केलं. मेलवर "मान्य" लिहिण्याआधी दर दोनदा वाचा. आणि मूळ मेल, चॅट पुसू नका: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार त्यांची प्रत कोर्टात द्यायची तर हॅशसह एक वेगळं प्रमाणपत्र (त्या प्रतीबद्दलचा लेखी दाखला, सहीचं प्रमाणपत्र नव्हे) जोडावं लागतं.

तुमच्यापैकी जे गूळ, मसाले, साड्या स्वतःच्या वेबसाइटवर विकतात, त्यांना 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्या. दुकान लहान असेल तर तुमचंच नाव चालेल. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवायचा नाही.

नवीन प्रमाणपत्रासाठी पॅन, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. प्रमाणपत्राचा क्लास 2 हा प्रकार 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे, आता क्लास 3 च मिळतो. व्हिडिओ पडताळणीत कॅमेऱ्यासमोर अर्जदारानेच बसायचं, त्याच्या जागी मुलगा किंवा मुनीम चालत नाही.